पाटे काढलेली पिकअप

मंठ्याच्या पुढं डांबरी सोडून आत गेलं की पिंपळखुटा लागतं. तिथल्या भुजंगची पिकअप आसपासच्या गावांत सगळ्यांच्या ओळखीची होती. घेतली तेव्हाच ती जुनी होती. दाराचा रंग उडालेला, हौद्याला जागोजागी पत्रा ठोकलेला. पण माल भरा म्हटलं की ती कधी मागं हटली नाही. कापूस, सिमेंट, सोयाबीन, लग्नाच्या मांडवाचे बांबू, सगळं तिनं ओढलं. भुजंगचं निम्मं आयुष्य तिच्या स्टेअरिंगमागं गेलं होतं. घरी तो पाहुण्यासारखा यायचा. जेवायचा, झोपायचा, पहाटे निघायचा. बायकोशी त्याचं बोलणं म्हणजे ‘डबा दे’ आणि ‘आज उशीर होईल’, एवढंच. दैवशालाची त्याबद्दल तक्रार नव्हती. निदान त्याच्या कानावर ती कधी आली नव्हती.

मग दैवशालाच्या दोन्ही किडन्या गेल्या.

आधी पायांवर सूज आली, ती कामाची म्हणून सोडून दिली. मग धाप लागायला लागली. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागेल, आणि ते कायमचं. मुलगा कल्याण चाकणला कंपनीत होता. तो आईला तिकडं घेऊन गेला. एका खोलीत ते नवरा-बायको, त्यांचं लेकरू, आणि भिंतीला लागून खाटेवर ही. थोड्याच दिवसांत तिनं धोशा लावला, मला माझ्या घरी न्या. सून चांगली होती, मुलगा जीव टाकत होता, तरी हिचा एकच हेका. शेवटी भुजंग जाऊन तिला घेऊन आला.

सुरुवातीला ते एसटीनं जालन्याला गेले. पण एकदा मशीनवरून उठून आलेली दैवशाला स्टँडवर उभ्याउभ्या खाली कोसळली. लोक गोळा झाले, कुणी कांदा हुंगवला, कुणी पाणी आणलं, आणि पाणी मोजूनच प्यायचं असतं हे भुजंगला ओरडून सांगावं लागलं. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, नेईन तर आपल्याच गाडीतून.

पण रिकामी पिकअप म्हणजे नुसता दगड. माल असला की ती दबून चालते, रिकामी असली की प्रत्येक खड्ड्याला उडते. दैवशाला दोन्ही हातांनी दाराची कडी धरून बसायची. बोलायची नाही. वाटूर फाट्याच्या पुढं एका गतिरोधकावर गाडी आदळली तेव्हा तिच्या तोंडून ‘आई गं’ निघालं, इतकं बारीक, की भुजंगला वाटलं इंजिनातूनच काहीतरी वाजलं. त्यानं वळून पाहिलं तर तिचा खालचा ओठ दातांखाली होता.

घरी येऊन त्यानं तिला खाटेवर निजवलं आणि गाडीचं बोनेट उघडून उभा राहिला. दुखणं किडनीचं होतं, त्यात त्याला काही करता येत नव्हतं. गाडीतलं मात्र त्याला कळत होतं. आयुष्यभर त्यानं गाडीची सगळी कामं स्वतःच केली होती. त्याला वाटलं, रस्त्यावरचा वेळ कमी केला तर दैवशालाचा त्रासही तेवढाच कमी होईल. म्हणून त्यानं आधी गाडी पळवायचं मनावर घेतलं.

टर्बोच्या पाइपातून हवा गळत होती, ती बंद केली. जालन्याच्या भंगारवाल्याकडून एका मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचा, इंजिनात जाणारी हवा गार करणारा इंटरकूलर आणला आणि जाळीमागं वेल्डिंग करून बसवला. डिझेल पंपाचा स्क्रू उघडून इंजिनाला जास्त डिझेल दिलं. सायलेन्सरचा डबा काढून जाड, सरळ नळी टाकली. गाडी चालू केली तर शेजारची गुरं दावी तोडायला लागली. भुजंगच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

पुढच्या खेपेला पिकअप सुसाट निघाली. उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, एसटी, सगळं मागं पडत होतं. भुजंग स्टेअरिंगवर बोटांनी ठेका धरत होता. मागून काळा धूर निघत होता आणि खिडकीतून आतही येत होता. रामनगरच्या अलीकडं दैवशालानं त्याच्या हाताला हात लावला. त्यानं गाडी बाजूला घेतली. ती दार उघडून खाली वाकली आणि ओकली. पोटात काही नव्हतंच. कोरड्या उमाळ्यांनी तिचं सगळं अंग हलत होतं. भुजंग तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

“आज लवकर पोचून राह्यलो बघ,” तो ओशाळून म्हणाला.

पदरानं तोंड पुसत दैवशाला म्हणाली, “गाडी पोचंल. मी मागंच राह्यले, अहो.”

दुसऱ्या दिवशी त्यानं इंटरकूलर तेवढा ठेवून बाकीचं उलटं केलं. स्क्रू मागं घेतला, सायलेन्सर परत बसवला. दैवशाला अंगणात लिंबाखाली खाटेवर बसून त्याच्याकडं बघत होती. गाडीखालून बाहेर येऊन तो तिच्यापुढं उकिडवा बसला आणि त्यानं विचारलं,

“मला एक सांग. नेमकं कुठं लागतं तुला?”

ती गोंधळली. इतक्या वर्षांत त्यानं असं काही विचारलं नव्हतं. मग विचार करून तिनं सांगितलं. खड्डा लागतो, पण तो येणार हे दिसतं, माणूस जीव घट्ट करतो. खरा त्रास बारीक थरथरीचा. टाचांतून सुरू होते, पाठीत चढते आणि दातांत येऊन बसते. मशीनवरून उठल्यावर सगळं अंग कोऱ्या कागदासारखं हलकं झालेलं असतं, त्यात ही थरथर थांबतच नाही.

भुजंग ऐकत राहिला. त्याच्या डोक्यात कधीच आलं नसतं असं ते होतं.

मग खरं काम सुरू झालं. इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं ती रबरं दगडासारखी झाली होती, ती बदलली. थरथर निम्मी झाली. दैवशाला गाडीत बसून, पाय खाली टेकवून सांगायची, “अजून डाव्या टाचंखाली हाय.” तो पुन्हा खाली जायचा. पिकअपला मालासाठी ओढ जास्त आणि पळ कमी असा क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा दातेरी जोड, असतो, त्यामुळं रस्त्यावर इंजिन सारखं ओरडत राहतं. भुजंगनं भंगारातल्या एका प्रवासी जीपचा आणून बसवला. आता इंजिन सावकाश फिरायचं आणि गाडी तेवढीच पळायची. इंटरकूलर आणि टर्बोचं काम इथं कामी आलं, नाहीतर चढाला गाडी रडली असती. ब्रेकही नवे टाकले. कुठल्याशा कारची सीट आणून, खालचा लोखंडी सांगाडा कापून, दैवशालाच्या उंचीनं वेल्ड केली. ती बसली, मागं रेलली, आणि म्हणाली, “नवरीसारखं वाटून राह्यलं.”

“नवरी झाल्ती तवा तुला कोणत्या गाडीतून आणलं, आठवतं का?” भुजंगनं विचारलं.

“आठवत कसं न्हाई! तुमच्या चुलत्याच्या ट्रॅक्टरमधून. माझ्या पायाशी एक शेळी होती. अर्धी साडी खाल्ली तिनं.”

भुजंगला शेळीचं आठवत नव्हतं. तो इतका हसला की हातातला पाना खाली पडला. दैवशालाही हसली, मग धाप लागली म्हणून थांबली, आणि धाप ओसरल्यावर पुन्हा हसली.

असे ते दिवस गेले. तो गाडीखाली असायचा, ती वर, आणि दोघं बोलत असायची. ती त्याला माहेरच्या विहिरीबद्दल सांगायची, कल्याणच्या आधी पोटातच गेलेल्या मुलीबद्दल सांगायची, जिचं नाव तिनं मनातल्या मनात ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. ते नाव तिनं त्याला सांगितलं.

शेवटी त्यानं कमानीला हात घातला. मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची थप्पी असते, ती कमान. पाटे जितके जास्त तितका माल पेलतो, आणि गाडी तितकीच कडक. पाटे काढले की गाडी मऊ होते, पण मालाला निकामी. भुजंगनं पुन्हा विचार केला नाही. निम्मे पाटे काढून गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवले. कारचे, धक्का झेलणारे शॉकप जोडले, चाकांतली हवा कमी केली. पुंजाराम नावाचं एक जुनं गिऱ्हाईक सरकी न्यायला आलं तेव्हा भुजंग म्हणाला, “आता न्हाई जमत. गाडी बसंल.”

“येडा झाला का? गाडीचं पाखरू करून ठेवलं!” पुंजाराम म्हणाला.

“व्हय,” भुजंग म्हणाला, आणि आत निघून गेला.

दवाखान्यात दैवशालाच्या शेजारच्या खाटेवर मैमूना नावाची बाई असायची. वाटूर फाट्याजवळच्या गावची. तिचा नवरा बदरोद्दीन जुन्या टेम्पोतून फळं वाहायचा. टरबुजांच्या दिवसांत तो शहागडकडं गोदावरीच्या काठानंच असायचा, म्हणून ती कधी एसटीनं, कधी पुतण्याच्या मोटारसायकलवर यायची. दैवशालानं भुजंगला सांगितलं, हिला फाट्यावरून घेत जाऊ. तेव्हापासून दोघी पुढं बसायच्या. पाणी किती प्यालं, मीठ कुणी चोरून खाल्लं, कुणाच्या हाताची शीर आता सुई घेत नाही, असं त्यांचं बोलणं चालायचं. जाताना हसायच्या. येताना दोघी डोळे मिटून गप्प असायच्या.

आणि एके दिवशी परतीच्या वाटेवर, मैमूना फाट्यावर उतरल्यावर, दैवशाला गाडीत झोपली. खरोखरची झोप. मान सीटवर कललेली, तोंड किंचित उघडं. वाटेत खड्डे आले, गतिरोधक आले, पूल आला, ती जागी झाली नाही. भुजंगनं अंगणात गाडी उभी केली, हळूच बंद केली आणि तसाच बसून राहिला. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. शेजारची नंदाबाई काहीतरी विचारायला आली, तिला त्यानं ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. दैवशाला जागी झाली तेव्हा लिंबाची सावली गाडीवरून पार भिंतीपर्यंत सरकली होती.

“आलो का?” तिनं विचारलं.

“कवाच आलो. झोपली होतीस तू.” भुजंग तिच्याकडं वळला. “फाट्यापासून पूर्ण रस्ता झोपली होतीस. काहीच लागलं न्हाई तुला!”

“न्हाई,” ती म्हणाली. “काहीच न्हाई लागलं.”

त्या आनंदात तो होता, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ती जे बोलली ते त्याला आधी कळलंच नाही. तो जेवत होता. ती भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली,

“अहो, आता बास करायचं.”

“काय बास? अजून पुढचे शॉकप राह्यलेत.”

“गाडीचं न्हाई. जायचं बास करायचं. मला मशीनवर न्हाई बसायचं आता.”

भुजंगचा घास हातातच राहिला.

“गाडी आदळायची तवर मला वाटायचं, ह्या गाडीनंच मरून राह्यले मी,” दैवशाला सावकाश बोलत होती, जसं काही स्वतःलाच समजावून सांगत होती. “वाटायचं, रस्ता बरा झाला की मी बरी होईन. काल गाडी बिलकुल लागली न्हाई. गुमान झोपले. आन् उठले, तर तशीच. पाय तसेच, तोंडात तसंच कडू. मंग कळलं, गाडीचं न्हवतं ते. माझंच हाय.”

“असं बोलू नको.”

“तुमच्याबिगर कुणाशी बोलू?”

भुजंग उठला. ताट तसंच ठेवून बाहेर गेला. गोठ्याच्या भिंतीला लावलेले पाटे त्यानं एकेक करून अंगणात भिरकावले. लोखंडावर लोखंड आदळत राहिलं. नंदाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि परत गेली. दमून तो खाली बसला तेव्हा त्याच्या मनात एक विचार आला. गाडी कडकच ठेवली असती तर? तर ती गाडीला बोल लावत राहिली असती. रस्त्याला शिव्या देत, कडी धरून, पण जात राहिली असती.

त्यानं कल्याणला फोन केला. कल्याण रात्रभर प्रवास करून आला, आईच्या पायाशी बसून रडला, हात जोडले. मुलासाठी म्हणून ती आणखी काही खेपा गेली. मशीनवर असताना कल्याण तिचा हात धरून बसायचा. मग एका सकाळी तिनं त्याला जवळ घेतलं, त्याच्या केसांना तेल लावलं आणि सांगितलं, “बाळा, तुझ्यासाठी गेले. आता माझ्यासाठी थांबू दे.”

दवाखाना थांबल्यावर दैवशालाला पहिले दोन-तीन दिवस चक्क बरं वाटलं. ती भुजंगला म्हणाली, “मला कुठंतरी घेऊन चला. जिथं दवाखाना न्हाई तिकडं.”

तो तिला शहागडला घेऊन गेला. कल्याण मागं हौद्यात गोधडीवर बसला होता. हायवेच्या कडेला ट्रकांची रांग, चहाची दुकानं, फळांच्या गाड्या. भुजंगनं नदीच्या अंगाला गाडी लावली. गोदावरी रुंद, संथ, मधेच वाळूचा पट्टा. दैवशालानं गाडीतूनच पाहिलं आणि मग म्हणाली, “मोसंबी द्या मला.”

मोसंबी तिला बंद होती. पाणी तर मोजून. भुजंगनं कल्याणकडं पाहिलं, कल्याणनं मान खाली घातली. भुजंगनं मोसंबी सोलली. एकेक फोड करून नाही, तिला अख्खीच दिली. ती लहान मुलीसारखी चावून खात होती. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मग तिनं तांब्याभर पाणी मागितलं आणि एका दमात प्याली. भांडं खाली ठेवून तिनं मोठा श्वास घेतला.

“किती दिसांनी तहान भागली,” ती म्हणाली.

भुजंग गाडीच्या मागं गेला आणि हौद्याच्या फळीवर कपाळ टेकून उभा राहिला. ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते, त्यामुळं त्याचं रडणं तिला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर सूज चढत गेली. मग श्वास. शेवटच्या दिवसांत ती फार बोलत नव्हती. भुजंग तिच्या उशाशी बसायचा, उशी उंच करायचा, पाठीमागं हात द्यायचा. एका पहाटे कोंबडे आरवत असताना तिनं त्याच्या दंडावर डोकं टेकलं आणि ते पुन्हा उचललं नाही. कल्याण चहा ठेवायला उठला होता. तो परत आला तेव्हा भुजंग म्हणाला, “हळू. झोपली ती.” आणि मग स्वतःच मोठ्यानं रडायला लागला.

दहावं-तेरावं झालं. कल्याण चाकणला चला म्हणाला, भुजंग नाही म्हणाला. पिकअप अंगणात उभी राहिली. लिंबाचा पाला तिच्या टपावर साचत गेला.

एके दिवशी दुपारी दारात जुना टेम्पो येऊन थांबला. त्यातून पांढऱ्या दाढीचा, काटकुळा माणूस उतरला. तो मैमूनाचा नवरा बदरोद्दीन. टरबुजांचा हंगाम संपवून तो परत आला होता. तो भुजंगजवळ जमिनीवरच बसला. मग म्हणाला, “मैमूना घरात रोज वैनीचं नाव काढते.”

भुजंगनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

“भुजंगभाऊ, एक काम घेऊन आल्तो. तुमच्या पिकअपमदी हिला रस्ता कळत न्हवता, म्हनते. आता माझ्या टेम्पोत बसली की दोन दिवस उठत न्हाई. तुमी जे केलं ते मला करून द्या.”

“माझीच घेऊन जा गाडी,” भुजंग म्हणाला. “उभीच हाय.”

“न्हाई भाऊ. ती वैनीची हाय.”

भुजंग उठला. पान्यांची पेटी काढली, टेम्पोच्या मागच्या चाकाला जॅक लावला. दोघं कामाला लागले. बदरोद्दीन उत्साहात होता. नट सोडता सोडता तो बोलत होता, आता माल बंद, आता फक्त हिला न्यायचं-आणायचं, पोरांनी संसार सांभाळलाय, आता हिच्याकडंच बघायचं. मग त्यानं एकदम विचारलं,

“कमान नरम झाली की हिला बरं वाटंल ना, भाऊ?”

भुजंग टेम्पोखाली होता. वरून गंजाची भुकटी त्याच्या तोंडावर पडत होती. त्याला सगळं सांगता आलं असतं.

“वाटंल,” तो म्हणाला. “बराबर वाटंल.”

बदरोद्दीननं लगेच मैमूनाला फोन लावला. काम सुरू झालं, असं झालं, तसं झालं, सांगत राहिला. मग “भाऊंशी बोल” म्हणून फोन भुजंगच्या हातात दिला आणि स्वतः हात धुवायला रांजणाकडं गेला.

“भाऊ,” पलीकडून मैमूना हळू आवाजात म्हणाली, “ते जवळ हायेत का?”

“न्हाई. लांब गेलेत.”

“मंग ऐका. त्यांना काही सांगू नका. मला ठाऊक हाय, टेम्पोनं काही होत नसतं. पर ते करून राह्यलेत तर करू द्या. जिंदगीभर घरात न्हवते, आता दिवसभर माझ्याजवळ बसून इचारतात, काय करू, कसं करू.” ती थांबली. “दैवशालाबी हेच म्हनायची. म्हनायची, मैमूना, मला पहिल्यापासून ठाऊक हाय गं. पर गाडीचं काम चालू हाय तवर आमी दोघं बोलून राह्यलोत, म्हनून मी रोज कुठंतरी नवीन दुखतं सांगते.”

भुजंगला डावी टाच आठवली. पाठ, मान, गुडघा, सीटची कड, सगळं आठवलं. तिनं सांगितलेल्या प्रत्येक जागेसाठी तो गाडीखाली गेला होता, आणि ती वर बसून बोलत राहिली होती.

“भाऊ, हायेत का?” मैमूना म्हणत होती.

“हाय,” तो कसाबसा म्हणाला.

बदरोद्दीन ओले हात झटकत आला. “काय म्हनली?”

भुजंगनं फोन त्याला परत दिला आणि पुन्हा टेम्पोखाली सरकला. तिथं अंधार होता, तोंड कुणाला दिसत नव्हतं.

“जल्दी करू नका म्हनली,” त्यानं आतून सांगितलं. “सावकाश होऊ द्या.”